चंद्राबाईच्या लेकीची बोटं

लढाई संपून कृष्णात पलटणीतून उंब्रजला परत आला आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, मुलगी झाली. पोर गुटगुटीत, पण डाव्या पायाची दोन बोटं पातळ कातडीनं एकमेकांना जोडलेली. सासूनं, अंबूबाईनं, पाय बघितला.

"गिऱ्हानात मूठ आवळून बसली आसशील," ती म्हणाली.

चंद्राबाईला तसलं काही आठवेना. तरी शेजारणी आल्या की ती पोरीचा पाय झाकून ठेवी.

गौरी-गणपतीला गावच्या डॉक्टरांची बहीण पद्मा सांगलीहून आली. तिथं ती कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. बाळ बघायला आली तेव्हा तिनं दुपटं सरळ बाजूला केलं, पाय हातात घेतला आणि हसली.

"पद्माताई, गिऱ्हानात माजं काय चुकलं वं?" चंद्राबाईनं विचारलं.

पद्मा उठली आणि परसातल्या डबक्यातून वाटीभर पाणी घेऊन आली. त्यात बेडकाचं पिल्लू होतं. चारी पाय फुटलेले, शेपूट मात्र अर्धंच उरलेलं.

"हे शेपूट कुठं जातं?"

"गळून पडत आसंल."

"गळत नाही. त्यातले बारीक बारीक कण आपापले मरतात आणि अंगातच जिरतात. पोटातल्या बाळाचंही तसंच. आधी हातपाय वल्ह्यासारखे सपाट असतात. मग बोटांमधले कण मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. बदकाचे मरत नाहीत. हिचे एका फटीतले तेवढे राहिले. त्यात ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि तुमचाही नाही."

चंद्राबाईनं स्वतःचा हात पुढं धरून बोटं पसरली. या हातानं तिनं इतक्या भाकरी थापल्या होत्या, पण बोटांमधल्या मोकळ्या जागेकडं कधी बघितलंच नव्हतं. जन्माआधीच आपल्यातलं काही मेलं, म्हणून हा हात झाला. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू आलं.

"समदं खरं," उंबऱ्यात बसलेली अंबूबाई म्हणाली, "पर लग्नात पोरीला जोडवं कसं घालायचं?"

"आये, दोन्ही बोटांत मिळून एकच घालू की," सोप्यातून कृष्णात म्हणाला. "सोनाराला चांदी जरा जास्त लागंल."

अंबूबाईला हसू आवरेना.

बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या. त्यातली एक पायाकडं बघून कुजबुजली. चंद्राबाई काही बोलायच्या आत अंबूबाईच पुढं झाली.

"बघतीस काय, बनुबाई? आईच्या पोटात तुजीबी बोटं बदकावानीच हुती."

आणि पाळणा म्हणायचा सोडून सगळ्या बायका आपापले हात निरखत बसल्या.