विहिरीच्या पुढचा सिनेमा

मोबाईलमधला सिनेमा म्हणजे भाड्याचं घर, हे आई रडली तेव्हा मला कळलं.

भूकंपाच्या आदल्या वर्षी जुन्या किल्लारीत एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांमध्ये माझी आजी, पार्वतीबाई, दिसते. भूकंपात आजी गेली, घरातले फोटोही ढिगाऱ्यात गेले. माझी आई सिंधू तेव्हा सहा वर्षांची होती. आजीचा चेहरा उरला तो फक्त त्या सिनेमात.

नांदेडच्या घरी आई रोज दुपारी तो मोबाईलवर लावायची. आजी वळून हसली की बोटानं थांबवायची, बघत बसायची, पुन्हा मागे न्यायची. विहिरीच्या पुढचा सिनेमा तिनं कधी पाहिलाच नाही. मी चिडवायची, "अगं, हिरोइनचं लग्न तरी होऊ दे!" मग एका दुपारी तो ॲपवरून गायबच झाला. वर्षाचे पैसे भरलेले, पण विचारायचं कुणाला? आई रडत बसली, माझं डोकं फिरलं.

किल्लारीतल्या रामलिंगमामाकडे त्या सिनेमाची जुनी कॅसेट होती. आम्ही नवी किल्लारी गाठली. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी मामा ती कॅसेट लावायचा आणि गाव जमायचं. ज्याच्या घरचं माणूस दिसेल तो "थांबव" म्हणायचा, की मामा चित्र थांबवायचा.

मामानं व्हीसीआर पुसून चालू केला. विहीर आली. दोर, घागरी, आणि मग नुसत्या पांढऱ्या रेघा. आजीचं हसू कुठंच नव्हतं.

"थांबवून थांबवून रीळ झिजलं बघ," मामा खालमानेनं म्हणाला. "लई थांबवलं गं आपण तिला."

त्याचा हात बटणाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे, दादा," आई म्हणाली. "चालू दे पुढं."

रेघा विरल्या. आजी पाठमोरी होती. डोक्यावर भरलेली घागर, एक हात कमरेवर, उजवा पाय जरा बाहेर टाकत ती उन्हातून निघाली होती. वाट पाण्यात दिसावी तशी हलत होती. जी घरं आता नाहीत त्यांच्यामधून ती सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी चालत राहिली.

"आई अशी चालायची?" आईनं हळूच विचारलं.

ती चाल मी जन्मापासून बघत आले होते.

"आई, ऊठ," मी म्हणाले. "जरा दारापर्यंत चालून ये."

आई उठून दाराकडे निघाली, आणि मामानं टीव्ही सोडून तिच्याकडं पाहिलं आणि तोंडावर उपरणं धरलं.