इंजिनाचं गरम पाणी

विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आल्यापासून गुंजनला जिकडेतिकडे नासाडीच दिसायची. आणि नाल्यावरचं, शेताला पाणी देणारं डिझेल इंजिन तर नासाडीचा कारखाना! पंपाच्या पाण्याची एक बारीक नळी इंजिन निववायला त्याच्या अंगातून फिरून ऊन पाणी ओकत राहायची आणि बाया त्यात खुशाल पाय शेकायच्या. अकरावीचं पुस्तक तर साफ सांगत होतं, बाहेर फेकलेली उष्णता जेवढी कमी तेवढं काम जास्त.

उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, उद्यावर आला होता. उपटलेल्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, जुड्या बांधावर पडल्या होत्या. आज बांध घातलेलं वावर, ती बांधी, पाण्याने भरली तरच उद्या चिखल होणार, नाहीतर पऱ्हे पिवळे पडणार. फुटका बांध बुजवायला जाताना तिचे बाबूजी, श्यामलाल, म्हणाले, "इंजिनाकडे ध्यान ठेवजो."

गुंजनने ध्यान जरा जास्तच ठेवलं. नळीचा कॉक तिने अर्धा बंद केला आणि खरंच, इंजिनाचा आवाज खणखणीत झाला, धूरही विरळ पडला.

पऱ्हे उपटून पाय धुवायला आलेल्या शामकलाकाकू ओरडल्या, "अवं, पानी चटकून राहिलं! काऊन छेडून राहिली त्याले?"

"उष्णता वाया जाऊन राहिली होती, काकू. आता ते आतच राहीन अन् पानी ओढीन."

"अन् आमचे पाय?"

"पायाचं मंग पाहू!" म्हणत गुंजनने कॉक पुरा आवळला. अर्ध्याने एवढा फायदा, मग पुऱ्याने किती!

दहा मिनिटांत रंग जळल्याचा वास आला. इंजिन कण्हलं, अडखळलं आणि गचकन थांबलं. गुंजनने हँडल मारून पाहिलं, ते जागचं हलेना. घाबरून तिने नाल्यातून बादली भरली आणि इंजिनावर ओतायला उचलली, तोच बांधावरून बाबूजींची आरोळी आली, "टाकू नको! इंजिनाच्या तापल्या हेडवर थंडं पानी पडलं तं तडकन ते!"

ते धापा टाकत आले आणि त्यांनी पुरा आवळलेला कॉक पाहिला.

"बाबूजी, अर्धा बंद केला तं मस्त चाललं. मंग पुरा बंद केल्यावर काऊन..."

"मले काऊन विचारून राहिली? पुस्तकाले विचार."

इंजिन आपसूक निवेपर्यंत थांबण्यावाचून काही हातात नव्हतं. काकूंनी जुड्यांवर पाणी शिंपडलं. गुंजन वहीत पुस्तकातलं तेच सूत्र पुन्हा पुन्हा लिहीत बसली, दर वेळी ते बरोबरच येत होतं. दोन तासांनी बाबूजींनी तेल सोडून हँडल थोडं थोडं हलवलं. करकरत ते सुटलं. इंजिन धडधडलं, पाणी बांधीकडे धावलं आणि गुंजनच्या डोळ्यांतलंही धावलं.

बाबूजी ऊन धारेखाली हात धरून कॉक फिरवत होते.

"किती ठेवाचा?" तिने विचारलं.

"हात टिकला पाहिजे, पन मजा नाई आली पाहिजे. बस."

तिने घाईने आपला हात धारेखाली घातला आणि "आई गं!" करून मागे ओढला. बाबूजींचा हात मात्र निवांत तिथेच होता.

"पन बाबूजी, टिकला पाहिजे म्हणजे कोनाचा हात?"

श्यामलालनी आपल्या घट्टे पडलेल्या तळव्याकडे पाहिलं, मग तिच्या लाल झालेल्या बोटांकडे. त्यांनी कॉक किंचित सैल केला. लगेच पुन्हा आवळला. मग पुन्हा सैल केला.