मंगळवारी बसवलेल्या तारा

हेआलानीने तिसरी तार कापली नाही. खुंटी उलटी फिरवून तिने ती आधी सैल केली, मग खालच्या पट्टीवरची गाठ नखाने उकलायला घेतली. ताणलेली तार कात्रीने कापली की लाकडाला हिसका बसतो, असे तिचे वडील म्हणायचे, आणि कोआ झाडाच्या लाकडाचे हे चार तारांचे छोटे उकुलेले वडिलांनीच घडवलेले होते. एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच पुढचीला हात घालायचा. गाठ जुनी होती आणि हेआलानीच्या बोटांची पेरे सुजलेली होती. दोनदा नख निसटले तशी तिने वाद्याला नाही, स्वतःच्या बोटांना शिवी घातली.

टेबलावर दोन प्रकारच्या तारा होत्या. एक होते मासेमारीच्या तंगुसाचे रीळ, हिलोच्या बंदरावरच्या दुकानातले. चाळीस वर्षे या वाद्यावर हीच दोरी चढत आली होती. बोटांना जरा टोचते, पण लवकर बसते. आज बांधली की उद्या संध्याकाळपर्यंत सुरात ठाम. दुसरे होते मऊ नायलॉनचे पाकीट, कुणीतरी भेट दिलेले आणि तीन वर्षे ड्रॉवरात पडून राहिलेले. त्या तारा हाताला मऊसूत, पण आठवडाभर ताणत राहतात आणि वाजवता वाजवता उतरतात.

हेआलानीने पाकीट फोडले होते.

"पोरीची बोटं कोवळी आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "मऊच बऱ्या."

स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हते, तरी तिने हे दोनदा म्हटले.

शनिवार होता, सकाळचे नऊ वाजले होते, आणि दुपारी एक वाजता तिच्या भावाच्या अंगणात दोनशे माणसांसमोर हे उकुलेले वाजायचे होते. या तारा मंगळवारीच बसवायच्या होत्या.

मंगळवारी तो भाऊ, लोपाका, स्वतः उकुलेलेची पेटी घेऊन आला होता. बरोबर उकडलेल्या शेंगांची पिशवी. काही मागायचे असले की तो शेंगा आणतो, हे हेआलानीला लहानपणापासून ठाऊक.

"हेआ, तारा बदलून दे ना. शनिवारी नातीचा पहिला वाढदिवस. नोए हेच वाजवणार आहे."

"तिला स्वतःचं नाही का?"

"आहे की. पण घरच्या कार्याला वडिलांचंच वाजलं पाहिजे. आणि तुझ्यासारख्या तारा बांधतं कोण?"

"म्हणजे बांधायच्या मी आणि वाजवायच्या तिने."

लोपाका शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "बोटं कशी आहेत?"

"हाताला चिकटून आहेत अजून."

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, हेआ. थोडे दिवसच."

"त्या थोड्या दिवसांना सहा महिने झाले."

"आज-उद्यात बांधून टाक," जाताना तो दारातून म्हणाला, "म्हणजे शनिवारपर्यंत बसतील."

"आता तू मला शिकव!"

अडतीस वर्षे ते तिघे एकत्र वाजवत आले होते. लोपाका गिटारवर, त्यांचा मित्र मॅनी खर्जाच्या मोठ्या बासवर आणि हेआलानी उकुलेलेवर. केआउकाहाच्या वस्तीत असे बाळ नसेल, ज्याच्या पहिल्या वाढदिवसाला हे तिघे वाजवून गेले नाहीत. सहा महिन्यांपूर्वी तिची खुर्ची मॅनीच्या भाचीला मिळाली. नोए तेवीस वर्षांची, बाजारात मासळीच्या दुकानात काम करणारी, हसरी आणि बोटांनी चपळ. तिच्यात खोट काढायला जावे तर सापडत नाही, आणि हेच हेआलानीला सगळ्यात जास्त खुपायचे.

मागच्याच आठवड्यात फुलवाली तिला म्हणाली होती, "तुमची ती नवीन मुलगी काय गोड वाजवते हो! तुम्हीपण छान वाजवायचात, आंटी."

वाजवायचात! जिवंत माणसाला असे कुणी म्हणते का? हेआलानी त्या दिवशी माळेचे पैसे देऊन माळ तिथेच विसरून आली.

पण खरा घाव वेगळाच होता. दोन कडव्यांच्या मध्ये गाणे थांबते आणि वाद्ये आठ मात्रांचा एक छोटा तुकडा वाजवतात. नाचणाऱ्या बायका त्यात दिशा बदलतात, गाणारा दम घेतो. प्रत्येक घराचा तुकडा आपापला. त्यांचा तुकडा वडिलांनी बांधलेला, या तिघांबाहेर कधी न गेलेला. लोपाकाने तो त्या मुलीला एका आठवड्यात शिकवला. हेआलानी तालमीच्या दिवशी केळ्यांचा घड द्यायला म्हणून गेली तेव्हा तिने व्हरांड्यातून ऐकला. एकदा, स्वच्छ, आणि पुढचे कडवे सुरू. वडील असाच वाजवायचे. हेआलानी वाजवायची तेव्हा मात्र शेवटची दोन वर्षे लोपाका तो तुकडा दोन-दोनदा घोळवायचा. "कशाला लांबवतोस?" असे तिने कितीदा विचारले, तर "बायकांना दम घेऊ दे" हे ठरलेले उत्तर. आणि आता नोएबरोबर? आता बायकांना दम लागत नाही वाटतं! घड पायरीवर ठेवून ती परत फिरली होती.

तिसरी गाठ एकदाची सुटली. हेआलानीने शिसपेन्सिलीचे टोक वरच्या खाचेत फिरवले. खाचेत शिसे घातले की तार अडकत नाही, घसरत पुढे जाते, तुटत नाही. नवी तार खालच्या भोकातून ओवून तिने तिचे टोक तारेखालून दोनदा वळवले, दाबून धरले आणि खुंटी हळूहळू फिरवली. शेवटची तार सगळ्यात बारीक. तिला तीन वळसे दिले, नाहीतर ती सटकते. या कामात तिने कुठेही कसूर ठेवली नाही, उलट नेहमीपेक्षा जास्त जपले. तार तुटली तर लोक बांधणाऱ्याला नावे ठेवतात. तार उतरली तर वाजवणाऱ्याला.

एकच काम उरले होते. नवी तार मधोमध चिमटीत धरून हलकेच वर ओढायची, उतरलेला सूर पुन्हा चढवायचा, पुन्हा ओढायची. दहा वेळा, पंधरा वेळा, तार थकून सुरात ठरेपर्यंत. तिची चिमूट एकदा पुढे गेलीही. मग तिने हात मागे घेतला, उकुलेले पेटीत ठेवले आणि पेटी लावून भांडी घासायला उठली.

लोपाकाच्या अंगणात ताडपत्रीचा मांडव होता. खड्ड्यात भाजलेले डुक्कर सकाळीच वर काढले होते, टेबलांवर पोईचे, म्हणजे अळकुड्यांच्या लगद्याचे, वाडगे मांडले होते आणि बाळ गळ्यातली माळ चघळत एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होते. नोए धावतच आली आणि तिने हेआलानीच्या गालाला गाल लावला. तिच्या केसांना फुलांचा वास होता, हातांना नेहमीप्रमाणे जरासा मासळीचा.

"आंटी, आणलंत? द्या ना!" तिने पेटी उघडली. "अय्या, किती सुंदर बांधल्यात! मला या गाठी कधी जमणार?" मग अंगठा तारांवरून फिरवून ती थबकली. "तंगूस नाही लावलंत?"

"तुझ्या बोटांसाठी मऊ लावल्या."

"कधी बसवल्यात?"

हेआलानीने पेटीचे झाकण बंद केले. "मंगळवारी."

"मग काय बघायलाच नको," नोए म्हणाली आणि तिने डोळे झाकून विश्वास ठेवला.

हेआलानी पहिल्या रांगेत बसली. कुणीतरी तिच्या हातात ताट दिले, ते तिने मांडीवर तसेच धरून ठेवले. लोपाकाने माईकवरून दोनशे माणसांची खुशाली विचारली, मॅनीच्या पोटावर एक विनोद केला आणि मग वडिलांचे गाणे धरले. घरात पहिले मूल जन्मले तेव्हा वडिलांनी रचलेले, पाच कडव्यांचे. या गाण्याला पहिल्यांदा उठायचे ते घरच्याच बाईने. ती उठल्याशिवाय इतर कुणी नाचायला येत नाही. लोपाकाची सून बाळाला घेऊन बसली होती. पुढची जागा रिकामीच राहिली.

पहिले कडवे झाले. मधला तुकडा एकदा, स्वच्छ. दुसरे कडवे झाले.

तिसऱ्या कडव्याला बारीक तार उतरली. कुणाच्या लक्षात येण्याजोगी नव्हे, पण हेआलानीच्या कानाला ती लागली. मग वरची उतरली. कडवे संपता संपता चारही तारा चार वाटांनी निघाल्या, आणि मागच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने ताटातून मान वर केली. नोएच्या मानेवर लाली चढली. ती तारांकडे बघेना, लोपाकाकडे बघेना. ती बघत होती स्वतःच्या बोटांकडे, जणू चूक त्यांचीच होती.

हेच तर हवे होते ना? मग हेआलानीला बरे का वाटेना?

तुकडा आला. नोएने गडबडीत एक खुंटी पिळली, जास्त पिळली, तार किंचाळली. आठ मात्रा संपल्या. चौथे कडवे सुरू व्हायला हवे होते. लोपाकाने तोंड उघडलेच नाही. तो शांतपणे मागे वळला आणि तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला. मॅनीनेही न बघता त्याच्याबरोबर वळण घेतले, रोजचा रस्ता असावा तसे.

हेआलानीने रिकाम्या जागेकडे पाहिले. नाचणारे कुणीही नव्हते. कुणालाही दम लागला नव्हता.

लोपाका नोएच्या हाताकडे बघत होता. तोंडावर तेच हसू, मान तशीच जराशी कलती. हा चेहरा हेआलानीने दोन वर्षे रोज शेजारच्या खुर्चीवरून पाहिला होता आणि तो नाचणाऱ्यांकडे बघतोय असे समजत आली होती. तिला आपली बोटे आठवली. तुकड्याच्या पहिल्या फेरीत अडणारी आणि दुसऱ्या फेरीत सुटणारी. कुणी कधी एका शब्दाने बोलले नव्हते. मॅनी, जो पोटात एक गोष्ट ठेवत नाही, तोसुद्धा!

तुकडा तिसऱ्यांदा सुरू झाला. आता मागच्या टेबलांवर कुजबुज होती. नोए एक तार चढवायची तोवर दुसरी घसरायची.

हेआलानीने ताट शेजारणीच्या मांडीवर ठेवले आणि ती उठली.

"आंटी नाचणार!" कुणीतरी ओरडले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. बायका खुर्च्या मागे सारून चपला काढू लागल्या. लोपाकाने तिला पाहिले, आणि त्याचे हसू तेवढ्यापुरते थांबले. हात मात्र थांबले नाहीत.

ती रिकाम्या जागेतून सरळ चालत गेली, नोएच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तिने वरच्या खुंटीवर हात ठेवला.

"तू फक्त वाजव," ती म्हणाली.

खुंटी फिरवायला चपळ बोटे लागत नाहीत, कान लागतो. तिने पहिली तार चढवली, मग दुसरी. सुजलेल्या पेरांतून कळ मनगटापर्यंत गेली, तरी तिसरी चढवली. चौथीला नेमके तेवढेच पिळले, जेवढे ती तुटायच्या अलीकडे सहन करते. तोवर पहिली पुन्हा उतरू लागली होती. ती पुन्हा पहिलीकडे वळली.

नोएचा हात चालू होता. मान न वळवता ती हळूच म्हणाली, "आंटी, मंगळवारी बसवल्यात ना?"

माईक जवळच होता. हेआलानीने आवाज खाली आणला नाही.

"नाही. आज सकाळी. आणि ओढल्याही नाहीत."

लोपाकाच्या गिटारचा एक सूर अर्धवट राहिला. मॅनीने बासवरचा हात तसाच चालू ठेवला. नोए वाजवत राहिली. दोन मात्रा, चार मात्रा. तिच्या मानेवरची लाली हळूहळू उतरली आणि तिने एकदाच, पूर्ण वळून, हेआलानीकडे पाहिले. त्या बघण्यात हसू नव्हते.

"मग हात काढू नका," ती म्हणाली. "अजून दोन कडवी आहेत."

लोपाकाने तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला.