आईचं वेगळं ताट

मेंदूतल्या पेशींवर बारीक बारीक कुलपं असतात. पोटातून निघालेला निरोप किल्लीसारखा त्यात नेमका बसला, की भूक लागते. दुसरा एखादा बसला, की पोट भरल्यासारखं वाटतं. ताईचं सगळं आयुष्य ही कुलपं शोधण्यात गेलं होतं. प्रयोगशाळेतला कोणता उंदीर खाण्यावर तुटून पडेल आणि कोणता पाठ फिरवेल, हे ती छातीठोकपणे सांगायची. आणि तिच्याच घरात आईची अन्नावरची वासना उडाली होती.

वडील गेल्यावर ताईनं आईला आपल्याकडे आणलं. तेव्हापासून आई नुसतं अन्न चिवडायची आणि ताट बाजूला सारायची. तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरांनी भूक वाढवणारं औषध दिलं. ते लागू पडतंय का हे नीट कळावं, म्हणून ताईनं प्रयोगशाळेतली शिस्त घरी आणली. आईचं जेवण वेगळं, तिच्या खोलीत, ठरल्या वेळी. ताट देताना वजन करायचं, उरलेलं परत आलं की पुन्हा करायचं. मध्ये कुणी आत जायचं नाही, बोलायचं नाही, आग्रह तर मुळीच करायचा नाही. आईनं हूं की चूं केलं नाही. औषध वाढत गेलं, आई मात्र वाळत चालली.

एका रविवारी धाकटा भाऊ राहायला आला. आईचं बंद दार आणि ओट्यावरचा वजनकाटा पाहून म्हणाला, "काय गं ताई, आईला पिंजऱ्यात कधी घातलंस?"

ताईला हसू आलं. तिनं त्याला समजावून सांगितलं, की एका पिंजऱ्यात सगळे उंदीर ठेवले तर कुणी किती खाल्लं ते कसं कळणार? म्हणून एकेकाला वेगळं ठेवायचं. वेगळं केल्यावर पहिले काही दिवस ते धड खात नाहीत, म्हणून तेवढे आकडे धरायचेच नाहीत...

बोलता बोलता ती थांबली.

"का खात नाहीत?" भावानं विचारलं.

ताईनं आपलं ताट वाढून घेतलं आणि आईच्या खोलीत जाऊन तिच्या शेजारी बसली.

आई गडबडली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तू इथे कशाला? माझे दात धड नाहीत, अंगावर सांडतं. तुला बघवत नसेल, म्हणून मला वेगळं बसवलंस ना? मी म्हटलं, असू दे."

ताईनं दोन्ही ताटं उचलली आणि आईला बाहेर सगळ्यांत घेऊन आली.

त्या दिवसापासून सगळे एकत्र जेवू लागले. भाऊ थट्टा करायचा, आई हसायची, मध्येच एखादा घास जास्त घ्यायची. ताईच्या मनाला पालवी फुटली. पण फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर पुढे पुढे निरोपच पाठवेनासं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उपयोग होईना, म्हणून औषध बंद केलं. मग आईला बसवेनासं झालं. तेव्हा जेवणं तिच्या पलंगापाशी होऊ लागली.

एकदा ताईनं पेजेचा चमचा तिच्या ओठांशी नेला. आईनं मान हलवली.

"मला नको. तू जेव. मी बघते."

ताई खाली मान घालून जेवू लागली.

"सावकाश," आई म्हणाली. "कोण मागे लागलंय?"

ताईनं वर बघितलं. आईचे डोळे तिच्याच ताटावर होते. तिनं पुढचा घास घेतला, आणि आईला दिसेल असा, सावकाश चावला.