पुढची चटई

तय्यबने पागोटं सोडून त्याचं एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं टोक ताणून धरत तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. मदनी शहराहून येणारी ही बस काही झालं तरी सोडायची नव्हती. रोजा सुटायला पाच मिनिटं उरली होती.

रमजानमध्ये वाटसरूंना अडवून रस्त्याकडेच्या आपल्या चटईवर रोजा सोडायला बसवायचं, ही तिथली रीत. नऊ दिवस गेले, एकही वाटसरू त्याच्या चटईवर बसला नव्हता. असीदेचं, ज्वारीच्या घट्ट उकडीचं, ताट रोज भरलेलंच घरी जायचं आणि त्याची बायको नफीसा झाकण उचलून बघायची. गाड्यांना आधी शेजारच्या बाबिकरची चटई लागे, शंभर पावलं अलीकडे, आणि तिथे बसायला जागा पुरत नसे. बाबिकरचं हसणं इथवर ऐकू आलं की तय्यबच्या पोटात दुखायचं. रोजा धरलेल्या तोंडाने त्याने शेजाऱ्याला काय काय म्हटलं होतं, ते अल्लालाच ठाऊक.

बस थांबली. वीसेक माणसं उतरली.

“या, या! जेवल्याशिवाय सोडणार नाही!” तय्यबला आनंद आवरेना. “मागे कुणी अडवलं नाही वाटतं?”

“अडवलं की,” ड्रायव्हर चटईवर टेकत म्हणाला. “पण त्या भल्या माणसाने बसूच दिलं नाही. म्हणाला, आज पुढच्या चटईवर जा, तिथली असीदा माझ्याहून चांगली असते.”

अजान झाली. सगळ्यांचे हात ताटाकडे गेले. तय्यबच्या हातातला खजूर मात्र तसाच राहिला. इतक्या दिवसांनी पाहुणे मिळाले, तेही बाबिकरच्याच हातून! दानतीतही हाच पुढे! त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याने मान वळवली. बाबिकर भरल्या ताटासमोर एकटाच बसला होता.

“घर तुमचंच समजा, वाढून घ्या,” असं पाहुण्यांना सांगून तय्यब उठला आणि तरातरा चालत निघाला.

“काय रे?” बाबिकर दचकला. “पाहुणे टाकून आलास?”

“तुझ्याकडे कुणी आलं नाही ना? मग सरक.”

बाबिकर सरकला. तय्यबने असीदेचा घास मुलाहच्या रश्शात बुडवून तोंडात घातला. अशी चव त्याच्या घरी कधीच जमली नव्हती. बाबिकर त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“मीठ कमी आहे,” तय्यब म्हणाला, आणि त्याने ताट जवळ ओढलं.