पाय कोरडा राहिला का?

मी डावा बूट बोलतोय. उजवाही इथेच आहे, माझ्या शेजारी, पण तो पहिल्यापासून कमी बोलतो. शिवाय आमच्या आयुष्यात जे काही घडलं ते माझ्या बाजूला घडलं, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

आम्ही डोंगर चढायचे बूट. बायकांचे, पाच नंबरचे, आत पाणी येऊ न देणारे. हे शेवटचं मी जरा दबक्या आवाजात सांगतो. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. खाली कातडं कापायचं लांब टेबल, वर माळ्यावर शिवणाच्या सहा मशिनी आणि जिन्याखाली फरमेकाकांची जागा. फरमा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर ताणून बसवल्याशिवाय बुटाला पायाचा आकार येत नाही. इतकी वर्षं तिथे बायकांचे बूट पुरुषांच्याच फरम्यावर व्हायचे, फक्त फरमा लहान करायचे. मग टाच ढिली राहायची आणि पुढे बोटं चेमटायची. काकांनी कारखान्यातल्या सगळ्या बायकांना एकेक करून कागदावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि नवा फरमा कोरला. टाचेला अरुंद, बोटांना ऐसपैस. पेन्सिलीच्या गुदगुल्यांनी बायका हसायच्या आणि काका म्हणायचे, हसा, पण पाय हलवू नका. त्या फरम्यावर पहिले तीन जोड झाले. त्यातला एक आम्ही.

माझी जीभ जिनं शिवली, तिचीच ही गोष्ट. जीभ म्हणजे नाडीखालचा तो पट्टा. ती दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असते, म्हणजे तिथून पाणी घुसत नाही. शिवण झाली की सुईच्या भोकांवर आतून टेप चिकटवायची.

कारखान्यात तिला सगळे काळजीवाली म्हणायचे. तिला अडीच वर्षांची मुलगी होती. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. काळजीवाली कामावर यायला निघाली की गॅस बंद आहे का ते बघायला एकदा परत जायची, आणि दार लागलंय का ते बघायला दुसऱ्यांदा. मशीनवर बसली तरी एक कान घराकडे. पण तिचा टाका कधी वाकडा गेला नाही. मी तिच्या मांडीवर होतो तेव्हा ती भिंगरीचंच कुठलं तरी गाणं गुणगुणत होती. म्हणून मला ती जन्मापासून आपली वाटते.

मालकीणबाईंना मोठं काम मिळायच्या बेतात होतं. डोंगरातल्या दवाखान्यांच्या आरोग्यसेविकांसाठी दोनशे जोड. त्या बायका औषधांची पिशवी पाठीवर घेऊन वाडीवाडीला चालत जातात, कधी रात्रीचा मुक्कामही करतात. मालकीणबाई म्हणाल्या, आधी आपल्या बायका चालून बघतील, मग शिवण सुरू. पाच नंबरचे पाय तिघींचे निघाले. काळजीवाली, पॅकिंगची ताई आणि तळ चिकटवणाऱ्या मावशी. एक फेरी दिवसभराची, दुसरी मुक्कामाची. प्रत्येक फेरीनंतर एक कागद भरायचा. टाच उचलते का? उतारावर बोटं पुढे आपटतात का? ओल्या दगडावर तळ घसरतो का? आणि सगळ्यात खाली, पाय कोरडा राहिला का?

काळजीवाली सातवीपर्यंत शिकलेली. परीक्षेचा पेपर हातात धरावा तसा तिने तो कागद धरला.

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. काय सांगू, मी तोपर्यंत फळीशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माती, गवत, खडी, सगळ्यांची ओळख झाली. टाच मी घट्ट धरली. उतारावर तिची बोटं आरामात राहिली. मावशी तर म्हणाल्या की लग्नाच्या चपलेनंतर पहिल्यांदाच पायात काहीतरी माझ्यासाठी केलेलं आहे.

मग ओढा आला. पाणी घोट्याच्या जरा खाली. माझी खरी परीक्षा तीच होती. पण काळजीवाली एका दगडावर बसली, आम्हाला उतरवलं, खिशातून पावाच्या दोन रिकाम्या पिशव्या काढल्या, मोज्यांवर चढवल्या आणि मग पाय आमच्यात घातले. हातात छत्री असली तरी टोपी घालणाऱ्यांतली ती. आपण काही चुकीचं करतोय हे तिच्या मनातही आलं नाही. तिला सर्दी झाली की भिंगरीला होते, भिंगरीला झाली की खोकला छातीत उतरतो, एवढंच तिला माहीत.

पाणी आत आलं. मला कळलं. जिभेच्या कडेने बारीक, मुंगीसारखं आलं आणि पिशवीच्या बाहेर साचलं. पाय कोरडा, मी ओला.

संध्याकाळी तिने कागदावर गोल गोल अक्षरात लिहिलं, ‘पाय कोरडा राहिला’. ते खरंही होतं. मालकीणबाईंनी मला उचलून पाठ थोपटली. पोटात पाणी असताना शाबासकी घ्यायची म्हणजे काय असतं, ते मलाच ठाऊक.

दुसरी फेरी पुढच्या शनिवारी. त्या आठवड्यात काळजीवालीची झोप उडाली, कारण भिंगरीला सोडून ती एक रात्रही राहिली नव्हती. सासूबाईंना तिने दूध किती कोमट करायचं ते तीनदा सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “जा गं बाई. एका रात्रीत मी काय तिला विकून खाणार आहे का? तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलंय.” यावर काळजीवालीने नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं.

निघायच्या गडबडीत भिंगरीने पावाची एक पिशवी पळवली, तोंडाने फुगवली आणि दोन हातांनी फट्‌कन फोडली. घरात दुसरी पिशवी नव्हती. उरलेली एक काळजीवालीने खिशात घातली. बस वळणावर पोचेपर्यंत तिने घरी दोन फोन केले.

या वेळी पाठीवर ओझं होतं. अंथरूण, पाणी, डबा, आणि औषधांच्या वजनाइतकी वाळूची पिशवी. ओझं आलं की बूट कसा आहे ते कळतं. पायाला डुगडुगू द्यायचं नाही, हे काम आम्ही दोघांनी मन लावून केलं. ओढा आला तेव्हा तिने एकुलती एक पिशवी उजव्या पायावर चढवली. डावा पाय तसाच माझ्यात.

डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीत पोचल्यावर तिने मोजे काढले. उजवा कोरडा. डाव्यातून पाणी टपकत होतं. तिने दोन्ही मोजे शेजारी शेजारी ठेवले, बघत राहिली आणि पटकन डावा अंथरुणाखाली सरकवला. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे भिंगरीची काळजी होतीच. त्यात आता ही.

दिवसभराच्या फेरीत भिजलेला बूट घरी येऊन उन्हात पडतो आणि विषय संपतो. मुक्कामाला तसं नसतं. सकाळी तोच ओला, गार बूट पुन्हा पायात घालावा लागतो. तिने घातला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. टाचेला फोडही आला होता. ओल्या मोज्याने आणलेला, माझ्या पोटात.

मग तिघी पायरीवर चहा घेऊन कागद भरायला बसल्या. तिचं पेन शेवटच्या प्रश्नावर थांबलं. ‘उजवा कोरडा’ एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. डावा पाय घसरून डोहात गेला, असंही लिहिता आलं असतं. तिने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या जिभेच्या शिवणीवरून बोट फिरवलं. वरून खाली. खालच्या टोकाला बोट थांबलं. टेप जिथे संपत होती, त्याच्या पुढे दोन टाके उघडे होते. तिनेच शिवलेले, नमुन्यात आखून दिलं होतं तसेच.

तिने पिशव्यांचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता दोघी हिला बोलणार.

ताईने चहाचा पेला खाली ठेवला. “अगं, मागच्या वेळी माझेही मोजे ओलेच होते. पण तुझा कागद वाचला ना, हिचा कोरडा आणि माझाच ओला, म्हटलं माझ्या पायाला घामच फार येतो. कोरडा लिहून मोकळी झाले.”

मावशी म्हणाल्या, “आणि मी तुम्हा दोघींचं बघून लिहिलं. चष्मा घरी होता.”

तिघी इतक्या हसल्या की मावशींना ठसका लागला. मग हसू ओसरलं. ताईचं म्हणणं, आता ओला लिहू आणि पिशव्यांचं कशाला काढायचं? काळजीवाली म्हणाली, पहिल्यांदा कोरडा आणि दुसऱ्यांदा ओला असं वाचलं तर मालकीणबाई म्हणतील, हा बूट एका फेरीतच फाटला. काकांचा फरमा अडगळीत जाईल आणि पुन्हा पुरुषांचे लहान बूट सुरू. दोष दोन टाक्यांचा आहे, बुटाचा नाही. ते सांगायचं तर पिशवीही सांगावी लागेल.

बुटाचा नाही. हे ती बोलली तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

उतरताना रेंज आली. भिंगरीने पोटभर खाल्लं होतं आणि आईची आठवण एकदाही काढली नव्हती. हे ऐकून काळजीवालीला बरं वाटलं की वाईट, ते मला तिच्या चालीवरून ओळखता आलं नाही.

सोमवारी ती मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काकांनी मला आत रद्दी कोंबून पाण्याच्या बादलीत उभं केलं. थोड्या वेळाने कागद काढला. सगळा कोरडा, फक्त जिभेच्या टोकापाशी दोन काळपट ठिपके.

मालकीणबाईंनी ठिपक्यांवर बोट टेकवून बघितलं. मग विचारलं, “पण पिशवी घातलीस कशाला?”

“मला सर्दी झाली की पोरीला होते, बाई.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “त्या आरोग्यसेविकांच्याही घरी पोरं असतील.”

मालकीणबाईंनी पहिल्या फेरीचे तिन्ही कागद फाडले. काळजीवालीला वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी नवा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, “टेप कुठपर्यंत हवी ते आखून दे. आणि यापुढे तुझे मोजे आधी मी बघणार.”

दोनशे जोड गेले. सगळ्यांची टेप दोन टाके पुढे. प्रत्येक जोड आधी बादलीत उभा राहतो, पोटात रद्दी घेऊन. ती परीक्षा काळजीवालीच घेते. तिच्या काळजीला अखेर नोकरी लागली, असं काका म्हणतात.

आम्ही मात्र विकण्याजोगे नव्हतो. ती आम्हाला घरी घेऊन आली. आता दाराशी असतो. कोरड्या दिवसात ती आमच्याबरोबर डोंगरावर जाते. एरवी आमच्यावर राज्य भिंगरीचं. दोन्ही पाय माझ्या एकट्यात घालून ती उभी राहते आणि उजव्यात बाहुली झोपवते.

परवा पाऊस थांबल्यावर ती आम्हाला घालून अंगणात फतक-फतक निघाली, थेट डबक्यात. आई धावत आली. हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच राहिला. माझे ते दोन टाके आपलं काम चोख करत होते.

“भिंगरे, पाय ओले झाले का गं?”

भिंगरीने खाली बघितलं. “ओले,” ती म्हणाली, अगदी खूश होऊन.

जो शब्द लिहायला तिच्या आईला दोन फेऱ्या लागल्या, तो पोरीने एका दमात सांगितला. आई डबक्याच्या काठावर बसून हसत होती.

तुम्ही कधी बूट घ्यायला गेलात तर एवढं माझं ऐका. त्याची पाठ नंतर थोपटा. आधी त्याला घालून पाण्यात उभे राहा, पिशवी न घालता. आणि पाय ओला झाला तर ओला म्हणा. आम्ही बूट रागावत नाही.

बरं, येतो. मला उन्हात ठेवलंय. आत कालची रद्दी आहे, आणि रद्दीखाली एक बाहुली.