बोंडलंभर पेज

काट्यावरचे गुळाचे तीस-तीस किलोंचे रवे उतरवून हमालाने गोणपाटाने फळी पुसली आणि तो म्हणाला, "चढा आक्का. जपून. गूळ चिकटतोय पायाला."

धोंडुबाईने चपला काढल्या. दवाखान्यातला काटा एकशेवीस किलोंपर्यंतच जायचा. ती उभी राहिली तेव्हा त्याची सुई शेवटाला टेकून थरथरत राहिली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, "शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर जाऊन वजन करून या. लाजू नका." सौद्याची वेळ होती. व्यापारी, अडते, हमाल, गाडीवान, सगळा बाजार तिथे उभा होता.

तिची आई, बयाबाई, काट्याकडे पाठ करून उभी राहिली. लेकराचं वजन आईने बघू नये, अशी तिची समजूत.

"किती भरलं रं, कृष्णात?" गादीवरून अडत्याने विचारलं.

"पाच रवं, मालक. चार किलो कमी!"

हशा पिकला. मागून कुणी तरी म्हणालं, "माल येक नंबर हाय. भाव काढा की!"

बयाबाई गर्रकन वळली. "तुज्या आयला चढीव काट्यावर आन् तिचा काड भाव, मुडद्या! पोरीला दिष्ट लावतोय."

"मी न्हाय वो मावशी, त्यो मागला," कृष्णात ओशाळून म्हणाला. मग धोंडुबाईच्या जवळ येऊन हलक्या आवाजात त्याने आकडा सांगितला. "एकशेशेहेचाळीस. सांगा डाक्टरला."

फळीवरून उतरताना तळव्यांना खरोखरच गूळ चिकटला होता. वाकून तो पुसणं तिला शक्य नव्हतं. बयाबाईने खाली बसून आपल्या पदराने लेकीचे दोन्ही तळवे पुसले आणि मग चपला घातल्या.

धोंडुबाई छत्तीस वर्षांची होती. एका टॉकीजच्या बायकांच्या खिडकीवर ती तिकिटं द्यायची. ती खिडकी म्हणजे हात जाईल एवढी कमान. अर्ध्या कोल्हापुरातल्या बायकांना तिचा हात ओळखीचा होता, गोरा, गुबगुबीत, मनगटाशी वळी पडलेला, हिरव्या बांगड्यांचा. चेहरा फार थोड्या जणींनी पाहिला होता. तिला ते बरं वाटायचं. खिडकीच्या आत मात्र तिच्या अंगाला जागा पुरेनाशी झाली होती. दिवाळीत मॅनेजर बाळासोंनी सुतार बोलावून केबिनची चौकट काढायला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, आता भित पाडायची तेवडी ऱ्हायली बगा." लग्नही झालं होतं तिचं एकदा. सासरच्यांनी तीन महिन्यांत आणून पोचवली. का, ते कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

जेवण कमी करून तिने पाहिलं होतं. ती भाकरी अर्धी करी, तेव्हा बयाबाई आमटीच्या तळाशी लोण्याचा गोळा सोडी. वर काहीच दिसायचं नाही.

वजन करून यायला सांगणारे ते डॉक्टर पुण्याचे सर्जन, महिन्यातून एकदा कोल्हापूरला येत. बोलायला माणूस चांगला. "रात्री तुमचा श्वास अडकतो. रक्तात साखर आहे. गुडघे संपले आहेत. असंच राहिलं तर चार-पाच वर्षं, त्याहून जास्त मी सांगणार नाही," ते म्हणाले. "ऑपरेशन मी करीन. मला फी नको. आधीचे आणि नंतरचे फोटो मात्र काढू द्यावे लागतील. तोंड झाकून."

मग त्यांनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन आकृत्या काढल्या.

"ह्यात दोन तऱ्हा आहेत. ही पहिली. वीस फूट आतड्यातलं दीडेक फूटच वापरात ठेवायचं. तुम्ही हवं ते खा, पोटभर खा, अंगी लागणार नाही. वजन झरझर उतरतं."

"पोटभर खायाचं?" बयाबाई पुढे सरकली.

"हो, आजी. पण ते बाहेर पडणार. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागेल. पहिलं वर्षभर तर नक्कीच. पुढे मूतखडा होतो, कुणाचं यकृत बिघडतं. परदेशात हे आता कमी होत चाललंय. तरी बहुतेक पेशंट हेच मागतात, कारण खाता येतं." त्यांनी दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवलं. "ही दुसरी. इथे आतड्याला हात लावायचा नाही. जठर वरच्या अंगाला शिवून एवढीशी पिशवी करायची. मग एका वेळी अगदी थोडं जेवायचं, चावून चावून. जास्त झालं की उलटी. हे जन्मभर."

"थोडं म्हंजे किती?" धोंडुबाईने विचारलं.

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. दाखवायला काही सापडलं नाही. "तान्ह्या बाळाला पाजायचं बोंडलं असतं ना घरात? तेवढं."

बयाबाईचा पुठ्ठ्याकडे गेलेला हात मागे आला.

"विचार करा. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा सांगा," डॉक्टर म्हणाले. "निवड तुमची."

घर म्हणजे एका लांबट अंगणाभोवतीच्या सहा बिऱ्हाडांतली एक खोली. समोरच्या खोलीत शहाजादी राहायची. टॉकीजच्या बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं काम तिचं. त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात टेकली तेव्हा बयाबाईचा निर्णय होऊन गेला होता.

"पयलंच करायचं. डाक्टरच म्हनला, पोटभर खावा."

"मंग सोनंच की, धोंडाक्का!" शहाजादी म्हणाली. "आमास्नी न्हाय मिळत असलं आपरेशन. बिर्याणी हाणायची आन् बारीक व्हायाचं!"

"आन् दिसाला धा बारी टमरेल घिऊन त्या टोकाला जायाचं," धोंडुबाई म्हणाली.

शहाजादी हसली. मग तिची नजर अंगणाच्या टोकाला गेली आणि हसू थांबलं.

तिथे दोन संडास होते, सहा बिऱ्हाडांना मिळून. पहाटेपासून टमरेलांची रांग. धोंडुबाई आत बसली की दार लागत नसे. गुडघे आडवे येत. गेली चार वर्षं ती आत गेली की बयाबाई बाहेर उभी राहायची, रांगेकडे तोंड करून, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून धरून. रांगेतली माणसं आभाळाकडे बघायची. पोरं हसली की बयाबाई तिथूनच शिव्या द्यायची, पण हात खाली यायचे नाहीत. पाऊस असला तरी नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नव्हती. तिनेही सांगितली नव्हती. पुठ्ठ्यावर त्या आतड्याची रेघ ओढली जात होती तेव्हा तिला ह्या दाराखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं, हे मात्र खरं.

महिना संपत आला तसं तिने आईला सांगितलं. बयाबाई परातीत पीठ मळत होती.

"आये, मी दुसरं करणार हाय."

"बोंडल्याचं?"

"व्हय."

बयाबाईने पीठ तसंच सोडलं. पिठाच्या हातांनी तिने ट्रंक ओढली, तळातून फडक्याची गाठ काढली आणि सोडून लेकीपुढे ठेवली. पितळेचं बोंडलं होतं, चोचीशी हिरवं पडलेलं. धोंडुबाईने ते कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं.

"ह्यातनं गेली तुज्या आदीची चौघं," बयाबाई म्हणाली. "मी लोकाच्या रानात. जाऊ पाजायची पेज ह्यातनं. सांच्याला यिऊन बगावं तर बोंडलं निम्मं तसंच, आन् पोर निपचित. झोपलंय म्हनायची. पोटाला न्हवतं त्येंच्या. खपाटीला गेल्याली पोटं. तू झालीस तवा धोंडा म्हनून नाव ठिवलं आन् शपत घेतली. हिचं पोट मी कंदी खपाटीला जाऊ देनार न्हाय. ह्ये तर तुज्या व्हटाला लावलं न्हाय मी."

ती चौघं भुकेने नव्हे, हगवणीने गेली असणार, असं धोंडुबाईला पुष्कळदा वाटलं होतं. ते कधी बोलून दाखवावं असं वाटलं नव्हतं.

"छत्तीस वरीस खायाला घातलं तुला. त्ये समदं वाया?"

"वाया न्हाय आये."

"मग पयलं कर. खा, आन् जाऊ दे भाईर. मी हाय की हुबी ऱ्हायाला. धा बारी काय, ईस बारी हुबी ऱ्हाईन."

"आन् तू गेल्यावर?" धोंडुबाई म्हणाली. "तू गेल्यावर माज्याम्होरं लुगडं कोण धरंल?"

बयाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी भाकऱ्या नेहमीएवढ्याच झाल्या, पण लेकीच्या ताटात तिने पहिल्यांदाच विचारून वाढलं.

ऑपरेशन पुण्यात झालं. छातीपासून बेंबीपर्यंत टाके. फोटो निघाले, तोंडावर टॉवेल टाकून. कोल्हापूरला परतली तेव्हा बयाबाईने बोंडलं चिंचेने लखलखीत घासून ठेवलं होतं. पेज गाळून त्यात भरून पुढे केली. धोंडुबाईने निम्मी घेतली आणि थांबली.

"भरलं?"

"भरलं."

उरलेल्या पेजेकडे बयाबाई किती तरी वेळ बघत बसली.

वजन उतरत गेलं. कातडी मागे राहिली, दंडाला, पोटाला, रिकाम्या पिशव्यांसारखी. बाळासोंनी चौकट परत बसवली आणि तेही सगळ्यांना बोलावून दाखवलं. एकदा खिडकीतून कुणी बाई म्हणाली, "आदीच्या बाई न्हाईत व्हय? गोऱ्या, भरल्या हाताच्या?" धोंडुबाईने तिकीट फाडून दिलं. बांगडी घसरून कोपरापर्यंत गेली. "न्हाईत," ती म्हणाली.

आईचं तिच्या ध्यानात यायला उशीर झाला. उठताना बयाबाई भिंतीला धरू लागली तेव्हा तिने विचारलं, "आये, तू जेवलीस?"

"जेवले की."

"काय जेवलीस?"

"तू जेवलीस तेवडं."

"मला आपरेशन झालंय. तुला काय झालंय?"

"लेक बोंडल्यावर, आन् आय भाकरी मोडत बसू?"

रागावून झालं. समोर बसवून भरवून झालं. शहाजादीने मटणाचा रस्सा आणून दिला. बयाबाईने तो वाटीत तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाटी घासून परत केली. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी टॉनिक लिहून दिलं आणि धोंडुबाईला वजनाच्या काट्यावर उभं केलं. आता दवाखान्यातलाच काटा पुरत होता. डॉक्टर खूश झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी धोंडुबाई टमरेल घेऊन अंगणाच्या टोकाला गेली. आत गेली, दार ओढलं, कडी लावली. ती आता सहज लागत होती. बाहेर नळाचा आवाज, रांगेतलं बोलणं. कुणी हसलं नाही, कुणी खाकरलं नाही. कडी काढून ती बाहेर आली.

समोर बयाबाई उभी होती. दोन्ही हातांनी पदर ताणून, रांगेकडे तोंड करून. कोपरांची हाडं वर आली होती आणि पदर वाऱ्याने तिच्याच अंगावर येत होता.

"आये, कडी लागतीया आता. कवाची लागतीया."

"म्हाईत हाय," मागे न बघता बयाबाई म्हणाली.

पुढचा नंबर शहाजादीचा होता. ती टमरेल घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारीला बाजूला हो म्हणून कुणीच म्हटलं नाही.